अर्धा इंच समास

कागदाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये, असं मी आजवर सगळ्यांना बजावत आलो. एकतीस वर्षं रेकॉर्ड विभागात काढलेला माणूस आहे मी. डोळे मिटून बोटांत धरलेला कागद सत्तर ग्रॅमचा की ऐंशीचा, हे मी सांगू शकतो. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात तसं सांगितलंही होतं. दुसरं सांगण्यासारखं त्यांना काही सापडलं नसावं, असं बायकोचं म्हणणं. तर अशा माझ्या हातून माझ्याच आत्याचं पुस्तक बारीक झालं आणि त्यापायी आमच्या चार मजली इमारतीतल्या निम्म्या लोकांनी साखर सोडली.

आत्याने पस्तीस वर्षं शिवणकामाच्या संस्थेत शिकवलं. ती आधीपासून आमच्याकडेच राहते आणि माझे शाळेचे सगळे शर्ट तिनेच शिवलेले आहेत. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. हात थरथरायला लागले तसं दोन वर्षांपूर्वी तिने कात्रीला तेल दिलं, फडक्यात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. त्या दिवशी ती जेवली नव्हती. पण कात्री ठेवण्याआधी तिने एक काम पुरं करून घेतलं होतं. बायकांचा टॉप, पुरुषांचा शर्ट, पायजमा आणि मुलींचा फ्रॉक, या चार कपड्यांचे पुऱ्या मापाचे नमुने तिने ए-फोर कागदांवर काढले होते. एकेका कपड्याला बारा कागद. ते कडेला कड लावून चिकटवले की अख्खा नमुना तयार होतो. मग तो कापडावर अंथरायचा आणि कापायचं. असे अठ्ठेचाळीस कागद. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन आणि त्याखाली तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं : ‘हा चौकोन पाच सेंटिमीटर भरतो का बघा. न भरल्यास कात्री खाली ठेवा.’

"याचं पुस्तक कर," एक दिवस तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवून आत्या म्हणाली. "संस्थेला पन्नास वर्षं होताहेत. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, नव्या मुलींना तुमचं पुस्तक वाटू. माझं नाव नसलं तरी चालेल रे, पण माप चुकायला नको."

"आत्या, तू निश्चिंत राहा. कागदाचं काम आहे," मी म्हणालो.

आता खरं तर कागद घेऊन सरळ छापखान्यात जायचं, इतकंच काम होतं. पण पुस्तक काढतोय म्हटल्यावर ते इमारतीला कळायला हवं, नाहीतर काढण्यात अर्थ काय? मी जिन्यात दोन-तीनदा मोठ्याने बोललो आणि संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत सल्लागार मंडळ जमलं.

खालच्या काकूंचं मत पडलं की पुस्तक पर्समध्ये मावलं पाहिजे. म्हणजे ए-फाइव्ह, ए-फोरच्या बरोबर निम्मं. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले, चौकोनी काढा, हल्ली चौकोनी पुस्तकं भारदस्त दिसतात. त्यांचा मेव्हणा अमेरिकेत असतो, त्यामुळे तिथे ए-फोर चालत नाही, लेटर नावाचा कागद चालतो, तो सहा मिलिमीटरने रुंद आणि अठरा मिलिमीटरने आखूड असतो, ही माहितीही त्यांनी दिली. ती त्यांना बरेच दिवस कुठेतरी द्यायची होती, हे चेहऱ्यावरून कळत होतं. मी फुलस्केपची बाजू लावून धरली. फुलस्केप हा माझ्या मते शेवटचा खानदानी कागद. लांबसडक, ऐसपैस, खाली तीन सह्या आणि दोन शिक्के बसवूनही उरणारा. ए-फोर आला आणि कचेऱ्यांतला शेरा दोन ओळींवर आला, हे माझं जुनं दुःख आहे.

मग वरचे इंजिनिअर उठले. निवृत्त इंजिनिअर एकदा उठला की खाली बसवणं अवघड असतं. त्यांनी आमचं त्या दिवशीचं वर्तमानपत्र, मी अर्धंच वाचलेलं, हातात घेतलं आणि दुमडायला लागले.

"ए-झिरो म्हणजे बरोबर एक चौरस मीटर कागद. निम्मा केला की ए-वन. पुन्हा निम्मा, ए-टू. असं चारदा दुमडलं की ए-फोर. गंमत कशात आहे? कितीही दुमडा, लांबी-रुंदीचं प्रमाण हलत नाही. लेटरचं किंवा तुमच्या फुलस्केपचं तसं नाही. ते दुमडले की अंगकाठीच बदलते. आत्याबाईंनी विचार करून ए-फोर घेतलाय."

आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला, "विचार कसला! कापड दुमडतो तसा कागद दुमडून बघितला. शिवाय कुठल्याही दुकानात मागितला तरी दोनशे दहा बाय दोनशे सत्त्याण्णवच मिळतो. मुलींना वेगळा शोधायला नको."

"आत्यांनी ए-फोर सांगितलंय, तर ए-फोरच," बायको म्हणाली आणि कप गोळा करायला लागली. आमच्या घरात कप गोळा झाले की सभा बरखास्त होते.

दुसऱ्या दिवशी मी नमुन्यादाखल एक पान घेऊन संस्थेत गेलो. वाटपाच्या पुस्तकाची एक प्रत आधी दफ्तरात मंजूर करून घ्यावी लागते. तिथले हेडक्लार्क टेबलावर पट्टी, पंचिंग मशीन आणि डबा अशा तीन वस्तू एका रेषेत ठेवून बसले होते. मला माणूस बघताक्षणी आवडला. त्यांनी पान हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि परत दिलं.

"समास कुठाय?"

मी पान पाहिलं. आत्याच्या रेषा कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेल्या होत्या. समास नावालाही नव्हता. इतके दिवस हे माझ्या, म्हणजे माझ्या, लक्षात येऊ नये याची मला मनापासून लाज वाटली.

"डावीकडे किमान अर्धा इंच हवा. नाहीतर भोक कुठे पाडायचं?" हेडक्लार्क म्हणाले. "भोक नाही तर फाइल नाही, फाइल नाही तर मंजुरी नाही."

यावर वाद घालणारे लोक असतात. मी त्यांच्यातला नाही. समास सोडण्यात माणसाचं वळण दिसतं, असं मी विभागातल्या नव्या माणसांना नेहमी सांगत असे. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी बायकोला लिहिलेल्या पत्रांनाही डावीकडे एक इंच समास होता. तिने तो रिकामा बघून काय समजायचं ते समजून घेतलं होतं, असं ती सांगते.

छापखानेवाल्यांना मी सगळं समजावलं. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "समास पाहिजे तर मजकूर लहान करावा लागेल. शंभराचा चौऱ्याण्णव टक्के. मापाचं काम आहे साहेब, आत्याबाईंना एकदा विचारून या."

"विचारायचं काय त्यात? सहा टक्के म्हणजे किती? दिसणारसुद्धा नाही."

"आणि हा चौकोन? प्रत्येक पानावर आहे."

"एकच मजकूर अठ्ठेचाळीस वेळा?" मी हसलो. आत्या हाडाची शिक्षिका. एकच गोष्ट दहादा सांगायची सवय. "काढून टाका. पान स्वच्छ दिसेल."

हे वाक्य मी किती रुबाबात म्हणालो ते आठवलं की आजही मला घाम फुटतो.

दोनशे प्रती छापून आल्या. निळं कव्हर, आत ऐंशी ग्रॅमचा पांढराशुभ्र कागद आणि प्रत्येक पानाला डावीकडे असा देखणा समास की बघत राहावं. हेडक्लार्कनी प्रत घेतली, भोकं पाडली, फायलीला लावली आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली. आम्हा दोघांच्या आयुष्यातले ते समाधानाचे क्षण होते.

त्याच आठवड्यात आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा आणि तीन आठवडे वाचायला, शिवायला बंदी. मी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने पानांवरून बोटं फिरवली, कव्हरचा वास घेतला आणि विचारलं, "सगळं जसंच्या तसं आहे ना रे?"

"जसंच्या तसं," मी म्हणालो. समास ही सुधारणा होती. सुधारणेला कोणी बदल म्हणत नाही.

संस्थेच्या पन्नाशीच्या समारंभाला अवकाश होता म्हणून वीसेक प्रती मी इमारतीत वाटल्या, पहिल्या पानावर सही करून. सही माझी. लोकांनी कौतुकाने कागद चिकटवले. सगळंच सारख्या प्रमाणात लहान झाल्यामुळे समास कापून टाकला की खुणेला खूण तंतोतंत जुळत होती. त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. घरोघरी शिलाई मशीनची घरघर सुरू झाली. आणि मग आठवड्याभरात इमारतीत एक चमत्कारिक शांतता पसरली.

खालच्या काकू सकाळी गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत तरातरा चालताना दिसायला लागल्या. इंजिनिअरांच्या घरी वजनाचा काटा आला. बँकवाल्यांच्या बायकोने चहातली साखर बंद केली आणि बँकवाल्यांचीही केली. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. छत्तीसचा टॉप आता अंगात जात नाही, हे बाई एकवेळ आरशाला सांगेल, शेजारणीला सांगणार नाही.

मी या सगळ्याकडे वरून बघून हसत होतो. मग बायकोने माझ्यासाठी शर्ट शिवला.

तो मी घातला. तिसऱ्या बटणापर्यंत बरं चाललं होतं. चौथ्याला मी श्वास आत घेतला. पाचवं लागलं, पण मी बोललो तेव्हा सुटलं.

"दिवसभर खुर्चीत बसून बसून," बायको म्हणाली.

"नमुना जरा..."

"आत्यांचा नमुना चुकेल?" तिने माझ्या पोटाकडे अशा नजरेने पाहिलं की मी ते आत घेतलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात उकडलेल्या भाज्या आल्या आणि मी टाकीपर्यंत चालताना काकूंच्या मागे असायचो. आम्ही एकमेकांना "हवा छान आहे" एवढंच म्हणायचो.

तिसऱ्या आठवड्यात काकू आत्याला भेटायला आल्या आणि तिथे त्यांचा बांध फुटला. "आत्या, तुमच्या पुस्तकातला टॉप अजून घट्टच होतो हो मला. अंगच सुटलंय माझं." मग इंजिनिअरांची बायको आली. मग बँकवाल्यांची. आत्या काळ्या चष्म्याआडून नुसती ऐकत होती.

समारंभाला पाच दिवस उरले होते. चष्मा निघाला त्या सकाळी आत्याने मला हाक मारली. माझ्या अंगात तोच शर्ट होता. तिने जवळ बोलावून माझ्या खांद्यावर हात ठेवला, शिवणीवरून बोट फिरवलं, काखेपाशी थांबली. मग एक पाकीट माझ्या हातात दिलं.

"हे आज संस्थेत दे."

पाकीट उघडं होतं. जाणारा कागद एकदा वाचायचा ही माझी एकतीस वर्षांची सवय. टपोरं अक्षर आता वाकडंतिकडं झालं होतं : ‘पुस्तकाच्या प्रती मुलींना वाटू नयेत. नमुने काढताना माझा हात चुकला आहे. वयामुळे माझ्या लक्षात आलं नाही. समारंभाला मी येणार नाही. क्षमा असावी.’

"आत्या, अगं, तुझं कधी चुकलंय का?"

"एकीचं अंग सुटतं रे. तिघींचं एकाच आठवड्यात सुटत नाही. मला वाटलं होतं डोळेच तेवढे गेलेत. हात त्याच्याही आधी गेला होता." ती खिडकीकडे बघत म्हणाली. "बरं झालं कळलं. मुलींचं कापड वाया गेलं असतं."

मी माझ्या खोलीत आलो, कपाट उघडलं आणि आत्याचे मूळ कागद काढले. पट्टी घेतली. चौकोनावर ठेवली. पाच. दुसऱ्या कागदावर ठेवली. पाच. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस कागदांवर, थरथरत्या हाताने काढलेले ते चौकोन केसभरही इकडेतिकडे नव्हते. मग पुस्तक उघडून खिशाच्या नमुन्यावर पट्टी धरली. मूळ कागदावरची दहाची रेघ पुस्तकात नऊ पॉइंट चार भरली. समास मात्र बरोबर अर्धा इंच होता.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात आलं की कागद परत कपाटात ठेवावेत आणि पत्र नेऊन द्यावं. कोणाला कळणार होतं? छापखानेवाले बोलणार नव्हते. म्हातारं माणूस, हात चुकला, लोक हळहळले असते आणि विसरले असते. मी कपाटाचं दार अर्धं लावलंसुद्धा.

"भरलं का माप?" बायको दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

मी पट्टी तिच्या हातात दिली आणि आत्याच्या खोलीत गेलो. तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. हेडक्लार्क, समास, चौऱ्याण्णव टक्के, आणि शेवटी चौकोन. पासष्ट वर्षांचा माणूस, पोटावर ताणलेला शर्ट घालून, जमिनीवर बसून रडतोय, हे दृश्य कसं दिसलं असेल याची मला कल्पना आहे.

आत्या खिडकीकडून माझ्याकडे वळली. मग तिने विचारलं, "म्हणजे माझा हात चुकला नव्हता?"

"नाही, आत्या."

"सगळे पाच भरले?"

"सगळे."

तिने आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून एकदा नीट पाहून घेतले. मग माझ्या डोक्यात अशी टपली मारली की ती बायकोला स्वयंपाकघरात ऐकू आली. "गाढवा! चौकोन शोभेला काढतात का?"

पुन्हा छापायला छापखानेवाल्यांना पाच दिवसांत कागदही मिळणार नव्हता. तोड आत्यानेच काढली. प्रमाण बिघडलेलं नाही, फक्त आकार लहान झालाय. म्हणजे झेरॉक्सवाल्याकडून प्रत्येक पानाची एकशे सहा टक्क्यांवर प्रत काढली, की समास बाहेर जाईल आणि माप जागेवर येईल. तेवढी सूचना आणि पडताळायला चौकोन पुस्तकात हवा. प्रत्येक कपड्याच्या पहिल्या पानावर एक, म्हणजे एका पुस्तकात चार. दोनशे पुस्तकांत आठशे.

"शिक्का करून आणतो," मी म्हणालो.

"हाताने काढ," आत्या म्हणाली.

मी बसलो. चौकोन चार पॉइंट सात सेंटिमीटरचा काढायचा होता, मोठा केल्यावर पाच भरणारा. तो समासात काढावा म्हटलं तर तिथे मावेना. ज्या अर्ध्या इंचापायी हे सगळं घडलं, त्यात अख्खा चौकोन काय, अर्धा चौकोनही बसत नव्हता. शेवटी आत्याने जिथे काढला होता तिथेच काढला. तिने टेप लावली.

"नाही भरला. पेन खाली ठेव."

असं अकरा वेळा झालं. बाराव्याला ती काहीच बोलली नाही, तेव्हा मी पुढचं पुस्तक ओढलं.

वाटलेल्या प्रती गोळा करायला मला दारोदार जाऊन कबुली द्यावी लागली. इंजिनिअर ऐकून इतके हसले की काटा हलला. बँकवाल्यांनी माझ्यासमोरच चहात तीन चमचे साखर घातली. खालच्या काकूंच्या दारात मात्र मी जरा मागे सरकूनच उभा राहिलो. त्या पुस्तकातलाच टॉप घालून उभ्या होत्या आणि तो त्यांना अगदी बेतशीर बसला होता.

"काकू, तुमची प्रत द्या. माप दुरुस्त करतो."

"खबरदार!" त्यांनी पुस्तक पाठीमागे धरलं. "दोन आठवडे टाकीपर्यंत चाललेय मी. माझ्या पुस्तकात चौकोन काढायचा नाही."

आत्याचं पत्र मी संस्थेत दिलं नाही. त्याऐवजी स्वतः लिहिलं. एका ए-फोर कागदावर मावेल असं वाटलं होतं, पण चूक कुणाची, कशी आणि किती टक्के, आणि शहात्तर वर्षांच्या हाताने काढलेल्या अठ्ठेचाळीस चौकोनांपैकी एकही चुकला नाही, हे सगळं सांगता सांगता ओळी या कडेपासून त्या कडेपर्यंत गेल्या. समारंभात मुख्याध्यापिकाबाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मुली आधी खूप हसल्या आणि मग उभं राहून आत्यासाठी टाळ्या वाजवत राहिल्या. आत्या पहिल्या रांगेत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. मुलींनी तिला कात्री देऊन पहिला नमुना कापायला लावला. तिने आधी टेप मागितली.

चार दिवसांनी माझं पत्र टपालाने परत आलं. वर हेडक्लार्कांचा लाल शाईतला शेरा होता : ‘डावीकडे समास सोडलेला नाही. फायलीस लावता येत नाही. पुन्हा लिहून द्यावे.’

मी तो शेरा दोनदा वाचला. अक्षर सुरेख होतं, शेरा नियमाला धरून होता. पण पत्र मी पुन्हा लिहून दिलं नाही. ते आत्याने मागून घेतलंय आणि ट्रंकेत, कात्रीच्या फडक्यात ठेवलंय.